शाळेची संग्रहालय-भेट आणि ‘हिस्पॅनिक’ शब्दाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमधील एखाद्या शाळेला ‘हिस्पॅनिक’, म्हणजे ढोबळमानाने स्पॅनिश भाषिक जगाशी नाते सांगणारी, कला आणि इतिहास दाखवण्यासाठी वर्ग बाहेर न्यायचा असेल, तर मॅनहॅटनमध्येच दोन ठिकाणे समोर येतात. एक, ‘हिस्पॅनिक सोसायटी’चे संग्रहालय, उत्तरेकडे ब्रॉडवेलगत १५५ व्या रस्त्यावर आहे आणि दुसरे, ‘एल म्युझेओ देल बार्रिओ’, पूर्व हार्लेमच्या कडेला, फिफ्थ ॲव्हेन्यू व १०४ व्या रस्त्याच्या कोपऱ्याजवळ. पहिल्यात गोया आणि वेलास्केस या स्पॅनिश चित्रकारांची चित्रे, मध्ययुगीन हस्तलिखिते आणि जुने नकाशे आहेत. दुसऱ्यात प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरील भित्तिपत्रके, लाकडात कोरलेले संत आणि कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या वस्तू आहेत. एकाच शब्दाखाली या दोन संग्रहांत इतके अंतर का पडले, हे समजून घेण्यासाठी इमारतींपेक्षा त्या शब्दाचाच इतिहास अधिक पाहावा लागतो.

उत्तरेकडील संग्रहालय १९०४ मध्ये स्थापन झाले आणि १९०८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. रेल्वेच्या धंद्यातून आलेल्या मोठ्या संपत्तीचा वारस असलेल्या संस्थापकाला स्पेनचे वेड होते. तरीही स्पेनमधील चित्रे उचलून आणायची नाहीत, देशाबाहेर आधीच गेलेलीच विकत घ्यायची, असा त्याचा दंडक होता. त्या काळच्या अमेरिकी धनिकांची खरेदीची रीत पाहता हा संयम उठून दिसतो. गोयाने १७९७ मध्ये रंगवलेले आल्बाच्या डचेसचे चित्र येथे आहे, तसेच स्पॅनिश चित्रकार सोरोयाला १९११ मध्ये सांगितलेली आणि १९१९ मध्ये पूर्ण झालेली स्पेनच्या प्रांतांची चौदा भव्य चित्रेही आहेत. येथे ‘हिस्पॅनिक’ म्हणजे रोमन लोकांचा ‘हिस्पानिया’, अर्थात संपूर्ण इबेरियन द्वीपकल्प. त्यामुळे पोर्तुगाल त्यात आपोआप येतो.

दुसऱ्या संग्रहालयाचा जन्म मात्र थेट शाळेतूनच झाला. प्वेर्तो रिको १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर अमेरिकेकडे गेले, १९१७ मध्ये तेथील लोकांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो कुटुंबे न्यूयॉर्कला येऊन स्थिरावली. पूर्व हार्लेममधील या वस्तीला तेथील लोक ‘एल बार्रिओ’, म्हणजे नुसतेच ‘मोहल्ला’, म्हणत. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आपले काहीच नाही, ही पालकांची तक्रार १९६० च्या दशकाच्या अखेरीस आंदोलनापर्यंत गेली. शालेय प्रशासनाने प्वेर्तो रिकन संस्कृतीविषयी अध्यापन-साहित्य तयार करण्याचे काम एका कलावंत-शिक्षकावर सोपवले. त्याने १९६९ मध्ये साहित्याऐवजी संग्रहालयच उभे केले, आणि तेही सार्वजनिक शाळेतील एका खोलीत. पुढे दुकानांच्या गाळ्यांतून फिरत ते १९७७ मध्ये सध्याच्या जागी आले. संग्रहालयाने वर्गापर्यंत जाण्याचा हा प्रवास आजच्या शैक्षणिक भेटीच्या नेमका उलटा आहे, आणि कदाचित म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटतो.

या दोन्ही संस्थांच्या वर येऊन बसलेला या शब्दाचा सरकारी अर्थ मात्र अमेरिकेच्या जनगणनेच्या अर्जातून आला. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा एक वंश मानण्यात आला होता. आक्षेप आल्यावर तो पुढच्या खेपेस काढून टाकला गेला. १९७० मध्ये निवडक कुटुंबांना मूळ देशाबाबत विचारताना ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकी’ असा पर्याय ठेवला, तेव्हा अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागांत राहणाऱ्या अनेकांनी त्यावर खूण केली. आकडे बिघडले, तसे खरी संख्या दडपली जाते हा कार्यकर्त्यांचा आरोपही बळावला. अखेर १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्या अमेरिकनांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला, १९७७ मध्ये ‘हिस्पॅनिक’ ही अधिकृत संज्ञा ठरली आणि १९८० मध्ये तो प्रश्न सर्वांना विचारण्यात आला.

वादग्रस्त निर्णय होता तो पुढचा. हा वंश नाही, सांस्कृतिक मूळ आहे, असे ठरवून त्याला वंशाच्या प्रश्नापासून वेगळा रकाना देण्यात आला. कागदावर हे तर्कशुद्ध होते, कारण डोमिनिकन कृष्णवर्णीय आणि अर्जेंटिनाचा इटालियन वंशाचा गोरा यांना एका वंशात घालता येत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेकांना वंशाच्या यादीत स्वतःसाठी जागाच सापडेना आणि ते ‘अन्य वंश’ लिहीत राहिले. २०२० मध्ये ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक नोंदवले असताना ‘अन्य वंश’ हा गोऱ्यांखालोखालचा दुसरा मोठा गट ठरला. १९९७ मध्ये ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ (लॅटिनो म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतील) अशी जोडसंज्ञा आली आणि २०२४ मध्ये दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे जातीच्या रकान्यावरून होणारे वाद आठवावेत, म्हणजे या गुंत्याचे नवल वाटणार नाही.

सरकारी व्याख्या स्पॅनिश भाषेवर टेकल्याने पोर्तुगीज जग तिच्याबाहेर राहिले. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, म्हणजे गोव्यावरही तेव्हा माद्रिदचीच सत्ता होती. उत्तरेकडील संग्रहालयाच्या व्यापक अर्थात हा इतिहास बसतो, सरकारी व्याख्येत बसत नाही.

पूर्व हार्लेममध्ये याच शब्दावरून १९९० च्या दशकात तंटा झाला. संग्रहालयाने प्वेर्तो रिकनांपलीकडे सर्व लॅटिन अमेरिकी कलेकडे वळायचे ठरवले, तेव्हा ज्यांच्या मोहल्ल्याने ते उभारले त्यांनाच पाहुणे केल्याची भावना अनेक रहिवाशांनी व्यक्त केली. वस्ती बदलली होती, मेक्सिकन कुटुंबे वाढली होती, हे खरे. पण तक्रारही निराधार नव्हती. उत्तरेकडे उलटे घडले: १९६० च्या दशकापासून इमारतीभोवती डोमिनिकन वस्ती वाढत गेली आणि स्पॅनिश बोलणारे शेजारी दारातच असताना आतली दालने फार काळ द्वीपकल्पातच रमून राहिली. २०१७ पासून दुरुस्तीसाठी मुख्य इमारत बंद होती. २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली, प्रवेश मोफत आहे.

शाळांच्या दृष्टीने सोयीचा काळ म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. १९६८ मध्ये सुरू झालेला हिस्पॅनिक वारसा सप्ताह १९८८ मध्ये महिनाभराचा झाला. आरंभाची तारीख मध्य अमेरिकेतील पाच देशांच्या स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याची आहे, आणि त्याच महिन्यात १२ ऑक्टोबर, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचला तो दिवस, येतो. उत्तरेकडील संग्रहात १५२६ चा एक मोठा जगाचा नकाशा आहे, कोलंबसच्या त्या प्रवासानंतर चौतीस वर्षांनी स्पेनमधील सेव्हियात काढलेला.