पॉपिंग बोबा: रस कोंडणारी जाळी

बबल टीच्या तळाशी दोन प्रकारचे गोळे सापडतात. एक टॅपिओकाचे, काळपट आणि चिवट, चावत बसावे लागणारे. १९८०च्या दशकात तैवानमध्ये हे पेय जन्मलं ते त्यांना घेऊनच. दुसरे पॉपिंग बोबा. दाताखाली आले की फट्कन फुटतात आणि आतला रस जिभेवर सांडतो. नाव सारखं असलं तरी नातं तेवढ्यापुरतंच. टॅपिओकाचा गोळा म्हणजे आतबाहेर एकजीव शिजलेला स्टार्च. पॉपिंग बोबात शिजवण्याजोगं काही नसतं. तिथे पातळ रसाभोवती नाजूक साल धरते, आणि ती धरायला दोन पदार्थ पुरतात: सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियमचा एखादा क्षार.

अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये ते शेवाळातून वेगळं काढलं. त्याच्यापासून गोळे बनवण्याची युक्तीही वाटते तितकी नवी नाही. विल्यम पेशार्ट यांनी १९४०च्या दशकात कृत्रिम चेरी बनवण्यासाठी तिचं पेटंट घेतलं होतं. पुढे २००३ मध्ये स्पेनमधल्या एल बुली या उपाहारगृहात फेरान आद्रिया यांच्या चमूने ती ताटात आणली आणि जगभरच्या आचाऱ्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

रसायन सोपं आहे. अल्जिनेटचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या, अंगावर ऋण भार असलेल्या. सोडियमवर एकच धन भार असतो, त्यामुळे तो एका साखळीला चिकटतो आणि पाण्यात साखळ्या सुट्या फिरत राहतात. कॅल्शियमवर दोन धन भार. तो शेजारच्या दोन साखळ्यांना एकाच वेळी धरतो. साखळ्यांच्या खाचांत कॅल्शियमचे आयन अंड्याच्या खोक्यातल्या अंड्यांसारखे बसतात, म्हणून या रचनेला ‘एग-बॉक्स’ म्हणतात. क्षणात जेल तयार होतं, आणि एकदा झालं की तापवून वितळत नाही. जिलेटिनशी त्याचं इथेच बिनसतं. अननस आणि किवीतली प्रथिनं तोडणारी विकरं जिलेटिनचं पाणी करतात, अल्जिनेटला त्यांचा काही त्रास नाही; ते प्रथिन नाहीच.

कोण आत, कोण बाहेर

अल्जिनेट रसात मिसळून थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे, ही सरळ पद्धत. २५० ग्रॅम रसात २ ग्रॅम अल्जिनेट, आणि ५०० मिलिलिटर पाण्यात २.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. गोळे सुबक होतात, पण धुऊन काढल्यावरही सालीत उरलेलं कॅल्शियम आत सरकत राहतं आणि थोड्या वेळाने अख्खा गोळा घट्ट होतो. मग तो फुटत नाही, जेलीसारखा चावला जातो. शिवाय कॅल्शियम क्लोराइड कडवट-खारट लागतं. लगेच वाढायचं असेल तरच ही पद्धत वापरावी.

पॉपिंग बोबासाठी उलटी पद्धतच खरी: कॅल्शियम रसात, अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. कॅल्शियम आतून बाहेर येतं, साल बाहेरच्या बाजूने वाढते आणि आत अल्जिनेट नसल्याने रस पातळच राहतो. गोळा अल्जिनेटमधून काढून धुतला की सालीचं वाढणं तिथेच थांबतं.

प्रमाण असं: २०० ग्रॅम गाळलेला रस, ४ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट, ०.६ ग्रॅम झँथन गम आणि चवीप्रमाणे साखर. बाहेरच्या द्रावणासाठी १ लिटर पाणी आणि ५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. चमच्याने मोजलं तर इथे हमखास फसगत होते. पाणी शुद्ध केलेलं किंवा ऊर्ध्वपातित घ्यावं. जड पाण्यात आधीच कॅल्शियम असतं, त्यामुळे गोळे पडण्याआधीच द्रावणात गाठी धरतात. अल्जिनेटची भुकटी थेट पाण्यात टाकली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गठ्ठे होतात. ती आधी चमचाभर साखरेत मिसळावी, मग हँड ब्लेंडर चालू ठेवून थोडी थोडी सोडावी. ब्लेंडरने भरलेली हवा निघून जायला द्रावण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण गाळली तर बुडबुडे सालीत अडकतात आणि नेमकी तिथेच साल फाटते.

झँथन गम कशाला, तर रसाला अंग यायला. पातळ रस अल्जिनेटच्या दाट द्रावणावर पडला की पसरतो, चपटा होतो, कधी शेपटी काढतो. साखर घातलेला, किंचित दाट रस बुडतो आणि बुडताना गोल होतो. झँथन जास्त झालं तर मात्र फुटल्यावर तोंडात रस न येता शेंबडासारखी तार येते.

आता आकार. साध्या ड्रॉपरचा थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर व्यासाचा. १० मिलिमीटरच्या गोळ्यात अर्धा मिलिलिटरहून थोडा जास्त रस मावतो, म्हणजे तसे दहा थेंब. ड्रॉपरने मोठा बोबा का जमत नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे. पाव टीस्पूनच्याही निम्मा, म्हणजे १/८ मापाचा चमचा घ्यावा आणि द्रावणाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून उलटा करावा. त्याहून सोपं म्हणजे लहान अर्धगोलांच्या सिलिकॉन साच्यात रस गोठवून ते खडे द्रावणात सोडणं. कडा विरघळताना बऱ्यापैकी गोल होतात. तेव्हा द्रावण कोमट हवं, नाहीतर खड्याभोवतीचं अल्जिनेटच थिजतं आणि साल उशिरा आणि वेडीवाकडी धरते.

साधारण ३ मिनिटं पुरतात. साल जसजशी जाड होते तसतसं कॅल्शियमला बाहेर यायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे दुप्पट वेळ ठेवला म्हणून जाडी दुप्पट होत नाही. गोळे एकमेकांना चिकटू देऊ नयेत. चिकटले की सोडवताना फाटतात. झाऱ्याने काढून साध्या पाण्यात दोनदा धुवावे. द्रावणात हळूहळू कॅल्शियम साचून चिकट तंतू दिसू लागले की ते गाळून घ्यावं, आणि फार दाटलं तर टाकून द्यावं.

स्वाद निवडताना

सरळ पद्धतीत आधी सामू म्हणजे पीएच बघावा लागतो. ४च्या खाली अल्जिनेट दाटू लागतं, आणखी आंबट रसात गाठी होतात. लिची (सुमारे ४.८) आणि कलिंगड (५च्या वर) बिनत्रासाचे. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, पॅशन फ्रूट ३च्या आसपासचे, लिंबू तर २च्या जवळ. अशा रसात सोडियम सायट्रेट घालून आंबटपणा कमी करतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. सायट्रेट कॅल्शियमलाही पकडतं, त्यामुळे जास्त झालं की साल कमकुवत होते. शिवाय ब्लूबेरी-स्ट्रॉबेरीच्या लाल रंगाचं अँथोसायनिन सामू वाढला की फिकट, जांभळट होतं. उलट्या पद्धतीत अल्जिनेट बाहेरच्या उदासीन पाण्यात असल्याने ही ओढाताण बरीच टळते.

आंबा, पीच यांचा गर दाट असतो. तो गाळून पाण्याने सैल करावा. एखादा तंतू सालीतून बाहेर डोकावला तर तिथून गळती ठरलेली. सुगंधाचं तर वेगळंच गणित. लिचीचा गुलाबी वास रोझ ऑक्साइडचा, पीचचा लॅक्टोनचा, आणि ही संयुगं उडून जाणारी. रस उकळला की वास स्वयंपाकघरात पसरतो आणि बोब्यात गोड पाणी उरतं. हिरव्या सफरचंदाच्या स्वादाला सायट्रिकपेक्षा मॅलिक आम्ल जास्त शोभतं, कारण सफरचंदातलं मुख्य आम्ल तेच, आणि त्याची आंबट चव जिभेवर जरा रेंगाळते.

विकतच्या डब्यावरची यादी साधारण अशी असते: पाणी, साखर किंवा फ्रुक्टोज सिरप, फळाचा रस, कॅल्शियम लॅक्टेट, सोडियम अल्जिनेट, मॅलिक किंवा सायट्रिक आम्ल, झँथन किंवा स्टार्च, रंग, स्वाद आणि टिकवण्यासाठी पोटॅशियम सॉर्बेट. रस बहुतेकदा थोडाच असतो. आम्ल केवळ चवीसाठी नसतं. सॉर्बेट आम्लधर्मी द्रवातच नीट काम करतं. मुळात गोड फळाचा बोबाही किंचित आंबट लागतो, त्यामागे हेही एक कारण.

साल झिरपते

अल्जिनेटची साल ही जाळी असते. साखर, आम्ल, रंग, वास यांचे छोटे रेणू तिच्यातून आरपार जातात. त्यामुळे तयार बोबा साध्या पाण्यात ठेवला तर काही तासांत आतला रस फिका होतो. तो ज्या रसाचा आहे त्याच रसात, तितक्याच गोडीच्या सिरपमध्ये बुडवून ठेवावा. पेल्यातही हेच घडतं, म्हणून बोबा शेवटी घालावा आणि आतला रस चहापेक्षा स्पष्ट गोड-आंबट असावा. फार आंबट बोबा दुधाच्या चहात टाकला तर झिरपलेल्या आम्लाने त्याच्याभोवतीचं दूध फाटू शकतं, सामू ४.६च्या जवळ आला की केसिन हे दुधातलं प्रथिन साकळतं. आंबट स्वाद फळांच्या चहात घालावेत, दुधात लिची किंवा आंबा बरा. गरम चहात बोबा वितळत नाही, पण झिरपणं वाढतं आणि गार रस फुटण्याची गंमत जाते.

घरचा बोबा संरक्षक घटकाविना फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपुरताच. तयार गोळे फ्रीझरमध्ये ठेवू नयेत: आतला रस गोठताना फुगतो, साल ताणून फाटते आणि वितळल्यावर वाटीत रिकामी टरफलं उरतात. साठा हवाच असेल तर साच्यातले रसाचे खडे गोठवून ठेवावेत आणि लागतील तेवढेच द्रावणात सोडावेत.