आयपीएलचा डबल हेडर आणि १९२६ सालचा डबल हेडर: बेरीज करू नका

आयपीएलचा डबल हेडर सगळ्यांना पाठ आहे. दुपारी साडेतीनला एक सामना, साडेसातला दुसरा, संघ चार आणि मैदानंही बहुधा दोन. शंभर वर्षांपूर्वीच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, मात्र डबल हेडर म्हणजे तेच दोन संघ, तेच मैदान आणि एका दुपारी लागोपाठ दोन सामने. तिकीट सहसा एकच. ४ जुलैसारख्या सुट्टीला सकाळ-दुपार वेगळी तिकिटंही लावत, पण खेळाच्या हिशेबात त्याने काही बदलत नाही.

इथवर कुणी अडत नाही. खरी गल्लत पुढे होते. तेच संघ दोनदा खेळले म्हटल्यावर आपल्या डोक्यात लगेच कसोटी शिरते आणि पहिला डाव, दुसरा डाव धरून लोक धावांची बेरीज करून मोकळे होतात. ही बेरीज साफ चूक आहे आणि ती पुन्हा पुन्हा छापलेली पाहून जीव हळहळतो.

२६ सप्टेंबर १९२६ घ्या. सेंट लुइसमध्ये तिथल्या ब्राउन्स संघाने न्यूयॉर्कच्या यांकीजना ६-१ आणि ६-२ असं हरवलं. हा १२-३ असा एक विजय नाही, हे दोन स्वतंत्र विजय आहेत. दुसरा सामना शून्यापासून सुरू होतो. खेळाडूंची यादी नव्याने दिली जाते आणि पहिल्या सामन्यात शेवटी कुणीही बॅटिंग केलेली असो, सुरुवात यादीतल्या पहिल्या बॅटरपासूनच होते. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. पण पहिल्या सामन्यात बाहेर काढलेला खेळाडू दुसऱ्यात पहिल्यापासून खेळू शकतो. सामना एकच असता, तर हे चाललंच नसतं.

गुणतक्त्यात तर ही चूक लगेच उघडी पडते. दोन संघांमधलं अंतर काढताना विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक मिळवून दोनने भागतात. आघाडीच्या संघाला थेट एका सामन्यात हरवलं की अंतर एकने घटतं, डबल हेडरमधले दोन्ही सामने जिंकले की दोनने. एक-एक वाटून घेतला, तर अंतर आहे तेवढंच राहतं, मग धावा कितीही फरकाने केलेल्या असोत. जुना तक्ता जुळत नसेल तर आधी डबल हेडर नीट मोजलेत का ते पाहा.

पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खात्याचंही तेच. २८ ऑगस्ट १९२६ला बॉस्टनमध्ये क्लीव्हलँडच्या डच लेव्हसेनने दोन्ही सामने एकट्याने पूर्ण टाकले आणि ६-१, ५-१ असे जिंकले. प्रत्येकात चार हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके) दिले, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) एकही नाही. त्याच्या नावावर दोन विजय लागले. त्यानंतर मेजर लीगमध्ये हे कुणालाही जमलेलं नाही. बेरीज करणाऱ्याला हा पराक्रम दिसतच नाही.

इतके डबल हेडर का होत? प्रत्येक संघाचे १५४ सामने, आपल्या लीगमधल्या सातही प्रतिस्पर्ध्यांशी २२-२२. प्रवास रेल्वेचा. पावसाने सामना बुडाला की तो त्याच पाहुण्या संघाच्या पुढच्या तारखेला जोडत. मेजर लीगचा प्रकाशझोतातला पहिला सामना १९३५चा, म्हणजे तोवर अंधार पडायच्या आत सगळं उरकायचं. सेंट लुइसच्या त्या दिवशी पहिला सामना १ तास १२ मिनिटांत आणि दुसरा ५५ मिनिटांत संपला. यांकीजनी अमेरिकन लीगचं (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) अजिंक्यपद आदल्याच दिवशी पक्कं केलं होतं, म्हणजे या सामन्यांवर त्यांचं काही अवलंबून नव्हतं.

निकाल लिहिताना दोन ओळी वापराव्यात, एका ओळीत कोंबू नयेत. २ ऑक्टोबर १९२०ला पिट्सबर्गमध्ये तर एकाच दिवशी तीन सामने झाले. सिनसिनाटीने पहिले दोन १३-४ आणि ७-३ असे जिंकले. तिसरा अंधारामुळे नऊपैकी सहा इनिंगनंतर (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी) थांबला तेव्हा पिट्सबर्ग ६-० पुढे होता. किमान लागणाऱ्या पाच इनिंग झालेल्या असल्याने तोही पूर्ण सामना म्हणूनच नोंदला गेला, पिट्सबर्गच्या खात्यात एक विजय म्हणून.