हिरोशिमा कार्प: गावाने वर्गणी काढून जगवलेली टीम

हिरोशिमा तोयो कार्प ही जपानच्या सेंट्रल लीगमधली (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) प्रोफेशनल बेसबॉल टीम. १९४९ च्या शेवटी स्थापन झाली आणि १९५० पासून लीगमध्ये खेळतेय. गावची टीम म्हणजे नक्की काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी आधी हिचंच नाव घेतो. कार्प हा मासा, आपले रोहू-कटला त्याच कुळातले, आणि हिरोशिमाच्या किल्ल्याला कार्पचा किल्ला म्हणतात त्यावरून हे नाव.

अणुबॉम्ब पडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. बाकीच्या बऱ्याच टीम्सच्या मागे वर्तमानपत्रं, रेल्वे कंपन्या अशी बडी मंडळी होती, कार्पच्या मागे कुणीच नव्हतं. पहिल्या सीझनला आठ टीम्समध्ये आठवा नंबर, वर प्लेअर्सचे पगार थकलेले. १९५१ मध्ये दुसऱ्या टीममध्ये विलीन करायच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा मॅनेजर शुइची इशिमोतो (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपल्या भाषेत हेड कोच), जे स्वतः हिरोशिमाचेच होते, त्यांनी सरळ लोकांकडे मदत मागितली. ग्राउंडच्या गेटवर साकेचं (जपानी तांदळाच्या दारूचं) लाकडी पिंप ठेवलं आणि येणारा-जाणारा त्यात जमेल तेवढे पैसे टाकायला लागला, नाणी, चुरगळलेल्या नोटा, काहीही. ज्यांची स्वतःची घरं अजून धड उभी राहिली नव्हती ती माणसं बेसबॉल टीमसाठी वर्गणी देत होती, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. याला जपानीत 'तारु बोकिन' म्हणतात, तारु म्हणजे पिंप आणि बोकिन म्हणजे वर्गणी. टीम वाचली. पुढे २००९ चं नवीन स्टेडियम व्हायच्या आधीसुद्धा पिंपं पुन्हा बाहेर काढली होती.

जिंकायला मात्र फार वाट बघावी लागली. १९७५ मध्ये जो लुट्झ या अमेरिकन मॅनेजरने टोपीचा रंग लाल केला, तो स्वतः थोड्याच मॅचेसनंतर सोडून गेला पण लाल रंग राहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिलं लीग टायटल आलं. मग १९७९, १९८० आणि १९८४ ला जपान सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली फायनल, तीही जिंकली. त्या काळातले साचिओ किनुगासा सलग २,२१५ मॅचेस खेळले, अमेरिकेच्या लू गेरिगचा २,१३० चा रेकॉर्ड त्यांनी १९८७ मध्ये मोडला.

तरी माझ्यासाठी कार्पची खरी गोष्ट ताकाहिरो अराईंची आहे. हिरोशिमात जन्मलेला मुलगा, २००७ च्या सीझननंतर हानशिन टायगर्सकडे गेला, जाताना प्रेस कॉन्फरन्समध्ये ढसाढसा रडला, 'कार्पवर माझं प्रेम आहे' म्हणत. लोकांना ते फार लागलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमचा ड्रेस घालून तो बॅटिंगला आला तेव्हा आपल्याच माणसांनी त्याची हुर्यो उडवली. २०१५ ला तो परत आला, त्याच वर्षी कार्पचा जुना पिचर हिरोकी कुरोदा पण अमेरिकेतले जास्त पैसे सोडून परत आला, आणि २०१६ मध्ये २५ वर्षांनी लीग टायटल आलं तेव्हा दोघं रडत एकमेकांच्या गळ्यात पडले होते. अराई त्या वर्षी लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), आणि २०२३ पासून कार्पचा मॅनेजर. घरचं माणूस रुसून गेलं की जसा राग येतो तसा हुर्यो उडवणाऱ्यांचा तो राग होता, परक्यावर कुणी एवढं चिडत नाही. पुण्याने आयपीएलच्या दोन टीम्स आल्या तशा गेलेल्या पाहिल्यात, त्यामुळे टीम गावातच टिकणं किती मोठी गोष्ट आहे हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

२०१७ आणि २०१८ लाही लीग टायटल मिळालं, जपान सिरीज मात्र १९८४ नंतर नाही. माझदा स्टेडियम, म्हणजे कार्पचं ते २००९ चं ग्राउंड, हिरोशिमा स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, मॅच असली की लाल जर्सी घातलेली माणसं त्या रस्त्याने जाताना दिसतात, आणि आत आळीपाळीने उठ-बस करत चिअर करतात, शेजारचा बसला की आपण उठायचं.