शब्द खरंच फक्त 7 टक्के?

"बोलण्यात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55." कंपन्यांमधल्या प्रेरणादायी व्याख्यानांत आणि फॉरवर्डमध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत, पण त्यांचा अर्थ फार ताणला गेलाय.

ते आले 1967 सालच्या अमेरिकेतल्या दोन छोट्या प्रयोगांतून. त्यात भाषण नव्हतंच. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी', म्हणजे 'कदाचित', हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. म्हणजे 55 टक्के हे चेहऱ्याचे. हातवारे, चालणं, उभं राहणं त्यात तपासलेलंच नाही.

स्वतः पडताळून बघा. व्याख्यानाचा 5 मिनिटांचा व्हिडिओ आवाज बंद करून एकाला दाखवा, त्याच भागाचा लिहून काढलेला मजकूर दुसऱ्याला द्या आणि काय कळलं ते दोघांना लिहायला सांगा. 55 टक्के नुसत्या देहबोलीतून पोचत असतं, तर पहिल्याचा कागद निम्म्याहून जास्त भरला असता.

या समजापायी वक्ते हातवारे घोटतात आणि मजकूर कच्चा राहतो, ही खरी हानी. शब्द पोचायचे तर ते आधी नीट ऐकू यायला हवेत. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमून शब्दच पुसट होतात. तिथे बोलायचं असेल तर स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते. मग कुणाला तरी शेवटच्या रांगेत उभं करून माईकवर चार नावं, चार आकडे वाचा. त्याला ते जसेच्या तसे सांगता आले, तरच सुरुवात करा.