किनेज जीनचं अधिकृत नाव: अर्ज कुठं अडतो ते आधी वाचा

नांदेड, संभाजीनगरकडची पोरं किनेजवर (दुसऱ्या रेणूंना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) वर्षानुवर्षं काम करतात आणि पेपर पाठवायच्या वेळी कळतं की थिसिसभर वापरलेलं नाव अधिकृतच नाही. माणसाच्या जीन्सची नावं एचजीएनसी (ह्यूगो जीन नोमेनक्लेचर कमिटी) ही कमिटी मंजूर करते. अर्ज कुणीही करू शकतं, फी नाही, फॉर्म ऑनलाइन आहे. सिक्वेन्स, क्रोमोसोमवरची जागा, ॲक्सेशन नंबर (डेटाबेसमधला सिक्वेन्सचा क्रमांक) आणि सुचवलेलं नाव, एवढं जमतंच.

आधी त्यांच्या साइटवर जुन्या नावानं शोधा. बऱ्याच जणांच्या जीनला नाव आधीच असतं, पी38 अल्फा म्हणजे मॅपके14, ईआरके2 म्हणजे मॅपके1, आणि मग नवीन अर्जाचा प्रश्नच उरत नाही. अल्फा-बीटासारखी ग्रीक अक्षरं सिम्बॉलमध्ये (जीनच्या छोट्या नावात) चालत नाहीत, म्हणून पीकेसी अल्फा तिथं पीआरकेसीए आहे. नावाच्या सुरुवातीला माणसाचा म्हणून एच लावू नका, तेही चालत नाही. आणि नाव जीनला मिळतं, तुमच्या एका स्प्लाइस व्हेरियंटला (त्याच जीनपासून बनणाऱ्या वेगळ्या रूपाला) वेगळं मागू नका.

खरी अडचण जीन्सच्या आख्ख्या कुटुंबाची (एकमेकांशी मिळत्याजुळत्या जीन्सच्या गटाची) नावं एकसारखी करायची असतील तेव्हा येते. तिथं एक कागद लागतो जो कुणाकडंच तयार नसतो, तो म्हणजे त्या जीन्सवर काम करणाऱ्या बाकीच्या लॅबची संमती. कमिटीला नावं स्थिर ठेवायची असतात, उगं एकट्याला पटलं म्हणून बदलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सीडीके (सायक्लिन-डिपेंडंट किनेज) कुटुंबाचं बघा, 2009 मध्ये त्यातल्या तज्ज्ञांनी मिळून मांडणी केली तेव्हा पीसीटीके1 चं सीडीके16 झालं, पीएफटीके1 चं सीडीके14, सीसीआरके चं सीडीके20. तुम्हालाही सिक्वेन्सची तुलना, फायलोजेनेटिक ट्री (जीन्सचं नातं दाखवणारा वंशवृक्ष) आणि ईमेलवरचे होकार जमवावे लागतील, आणि परदेशातल्या लॅबांची उत्तरं यायला वेळ लागतो, म्हणून हे काम रिझल्ट हातात आले की लगेच सुरू करा बाबांनो.

तारखेचाही गैरसमज लई आहे. पेपर छापून आल्यावर अर्ज करायचा असं पोरं धरून बसतात, पण तो छापायच्या आधी करायचा असतो. नाव फुटेल ही भीती नको, मागणी गोपनीय ठेवतात आणि नाव राखून ठेवतात. छापल्यावर गेलात तर तुमचं नाव एकीकडं आणि अधिकृत नाव दुसरीकडं, असं कायमचं होऊन बसतं.

परभणी, लातूरला ज्वारी-तुरीवर काम करणाऱ्यांनी हा फॉर्म भरूच नये, तो फक्त माणसाच्या जीनसाठी आहे. वनस्पतीतल्या मॅप किनेजसाठी (किनेजचा एक गट) 2002 ची एमपीके ही नावं द्यायची पद्धत धरा, ॲराबिडोप्सिस या प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या रोपात असे 20 आहेत, आणि तुमच्या पिकातल्या जीनला जवळच्या ऑर्थोलॉगचा (दुसऱ्या प्रजातीतला तोच जीन) नंबर देऊन नावाच्या सुरुवातीला पिकाच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरं लावा.

नाव मंजूर झालं की पेपरच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये जुनं नावही एकदा लिहा, नाहीतर जुन्या नावानं शोधणाऱ्याला तुमचा पेपर सापडणार नाही.