‘बाबा’चं ‘मामा’ होतं तेव्हा

खानापूर असो की निपाणी, साठीतल्या माणसाची जीभ जड झाली की गल्लीत दोनच संशय निघतात: मेंदूचा झटका, नाहीतर दारू. मोटर न्यूरॉन डिसीज कुणाच्या ध्यानीमनी नसतो. या आजारात स्नायूंना हलायला सांगणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात, आणि पाव ते एक तृतीयांश रुग्णांत सुरुवात हातापायांतून न होता तोंडा-घशातून होते. मेंदूचा झटका आला तर बोलणं अचानक बिघडतं, इथे महिने लागतात. हे बिघडणं कधी आणि कसं सुरू झालं, एवढं घरच्यांनी नीट सांगितलं तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

तोंडाची तपासणी कशी करतात ते कळायला आपली मुळाक्षरं पुरेशी आहेत. शाळेत ती आपण नुसती घोकली, पण ती मांडणी म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. ‘क’ जिभेच्या मागच्या भागाचा, ‘ट’ आणि ‘त’ टोकाचे, ‘प’ ओठांचा. स्पीच थेरपिस्ट म्हणते, “काका, प-त-क, प-त-क असं भरभर म्हणा बघू.” कुठलं अक्षर आधी घसरतं त्यावरून कुठला स्नायू थकलाय ते समजतं. मऊ टाळू ढिला पडला की हवा नाकातून निसटते आणि ‘बाबा’ म्हणायला जावं तर ‘मामा’ ऐकू येतं. जीभ तोंडातच सैल ठेवायला सांगून तिच्याकडे टॉर्चने पाहतात. डोळा लवावा तशी ती जागोजागी लवत असेल, कडेने बारीक झाली असेल, तर तिथल्या चेतापेशी मरत असल्याची ती खूण असू शकते.

ही तपासणी रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. बेळगावात माणूस बाजारात कन्नड बोलतो, दवाखान्यातही कन्नडच बोलू पाहतो, पण त्याची जीभ मराठीवर घडलेली असते. ‘चमचा’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे आहेत. प्रमाण कन्नडमध्ये हा भेद नाही, त्यामुळे तो पुसट झाला तरी मराठी न येणाऱ्या कानाला जाणवणार नाही. उलट आपला सीमाभागातला हेल, वाक्य ओढत नेऊन ‘की’वर टेकवणं, पुण्याकडच्या तपासनिसाला दोष वाटू शकतो. म्हणून पूर्वी कसे बोलायचे हे सांगणारं माणूस बरोबर न्यावं.

बोलण्याचा वेगही मोजतात, कारण शब्द अस्पष्ट होण्याआधी बहुधा वेग मंदावतो. इंग्रजी वाचनात मिनिटाला सुमारे 190 शब्दांचा वेग 120च्या आसपास उतरला की लवकरच बोलणं समजेनासं होतं, असं आढळलं आहे. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. तोच उतारा दर दोन-तीन महिन्यांनी वाचून घ्यावा आणि त्या माणसाची तुलना त्याच्याशीच करावी.

गिळण्याची चौकशी ताटावरून होते. भाकरीपेक्षा चहाला आधी ठसका लागतो का? पातळ पदार्थ घशातून झरकन उतरतो, आणि थकलेले स्नायू श्वासनलिका वेळेवर झाकू शकत नाहीत. जेवणाला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो का? चिरमुरे टाळले जातात का? पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो का? ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नये. खोकलाच दुबळा झाला तर अन्न गुपचूप फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून खोकल्याचा जोरही मोजतात. खोकताना बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला 270 लिटरच्या खाली गेला की काळजी वाढते. शंका उरली तर बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेवर पाहतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात.

वजन दर महिन्याला करावं. आधीच्या वजनाचा दहावा हिस्सा घटला, तर अन्नासाठी थेट पोटात नळी बसवण्याचा विषय काढायलाच हवा. “तोंडानं खातायत की अजून” म्हणून घरची मंडळी तो पुढे ढकलतात. पण श्वास फार दुबळा झाल्यावर नळी बसवणं जोखमीचं होतं, आणि नळी बसली तरी झेपेल तेवढं तोंडाने खाता येतं.

आवाज स्पष्ट आहे तोवर आणखी एक काम होतं, आणि त्याला दवाखाना लागत नाही. फोन समोर ठेवून रोजची वाक्यं रुग्णाच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्यावीत, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तरी ती वाजवता येतील: नातवंडांची नावं, “पाणी दे गे”, “कूस बदला”, दारात आलेल्याला “जेवलासा काय?”