आशय विपणन

ग्राहकाच्या उपयोगी पडेल, त्याच्या माहितीत भर घालेल किंवा त्याचे मन रमवेल असा मजकूर, चित्र, ध्वनिफीत वा चित्रफीत व्यवसायाने स्वतः तयार करायची, ती नेमाने प्रसिद्ध करायची आणि त्यातून जडलेल्या विश्वासावर आपली विक्री उभी करायची, या पद्धतीला आशय विपणन म्हणतात. बोलताना सगळे ‘कंटेंट मार्केटिंग’च म्हणतात. जाहिरातीत वस्तू पुढे असते. इथे वाचकाची अडचण पुढे येते आणि वस्तू मागे थांबते. जनसंपर्क आणि समाजमाध्यमे ही याच घरातली भावंडे असून आता बऱ्याच कंपन्यांत तिन्ही कामे एकाच विभागाकडे असतात.

एखादा मजकूर या व्याख्येत बसतो की नाही हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. त्यातले कंपनीचे नाव खोडून पाहावे. नाव खोडल्यावरही वाचणाऱ्याच्या हाती काही उरत असेल, तर तो आशय. काहीच उरत नसेल, तर ती लांबवलेली जाहिरात. ‘आम्हाला कळवण्यास आनंद होतो की’ अशी सुरुवात असलेला मजकूर या कसोटीला क्वचितच उतरतो, कारण तो आनंद कंपनीचा असतो आणि वाचकाला त्याचे काही देणेघेणे नसते.

नाव नवे असले, तरी पद्धत जुनी आहे. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर या अमेरिकी कंपनीने 1895 मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. शेती कशी सुधारावी, हा त्याचा विषय होता. नांगराची विक्री त्यामागून येत होती.

या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र मिशेलिन बंधूंचे आहे. 1900 साली फ्रान्समध्ये जेमतेम तीन हजारांच्या आत मोटारी होत्या. टायर बनवणाऱ्या कारखान्याला एवढ्याशा बाजारात किती टायर विकता येणार? आंद्रे आणि एदुआर मिशेलिन यांनी टायरची थोरवी गाण्याऐवजी मोटारवाल्याच्या प्रवासाचा विचार केला. चाक कसे बदलावे, इंधन कुठे मिळेल, गाडी कोण दुरुस्त करील, मुक्काम कुठे करावा, ही सगळी माहिती नकाशांसह एका छोट्या पुस्तिकेत घालून त्यांनी तिच्या सुमारे 35,000 प्रती फुकट वाटल्या. माणसे अधिक फिरली की टायर झिजणार आणि नवे लागणार, हा हिशेब त्यामागे होताच. पण पुस्तिका वाचणाऱ्याचे त्यात नुकसान काहीच नव्हते, उलट त्याचा प्रवास सुकर होत होता. दोघांचे हित एकाच दिशेला लागले, की मजकुराला कृत्रिम गोडवा आणावा लागत नाही. पुढे एका दुकानात आपल्या पुस्तिकेच्या प्रती कामाच्या बाकाला टेकू म्हणून लावलेल्या आंद्रे यांना दिसल्या, अशी आठवण कंपनी सांगते. फुकटच्या वस्तूची कदर होत नाही हे ओळखून 1920 पासून पुस्तिकेला किंमत लावण्यात आली. 1926 मध्ये उत्तम उपाहारगृहांना तारा देण्यास सुरुवात झाली आणि ओळख न देता जाऊन पाहणी करणारे निरीक्षक नेमले गेले. आज हा तारा मिळावा म्हणून जगभरचे आचारी झटतात, आणि तो देणारी कंपनी टायरची आहे हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

जनसंपर्काचा उगम वेगळा आहे. तिथे मजकूर स्वतःच्या पानावर छापायचा नसून दुसऱ्याच्या, म्हणजे वृत्तपत्राच्या, पानावर त्याला जागा मिळवायची असते. आयव्ही ली हा मूळचा पत्रकार. 1906 मध्ये कोळसा खाणींच्या मालकांसाठी काम करताना त्याने संपादकांना एक निवेदन पाठवले: आमचे काम उघडपणे चालते, आम्ही बातमी पुरवतो, आणि कोणत्याही तपशिलाची खातरजमा करायला आम्ही मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळून 50 हून अधिक माणसे मेली. अपघात झाकून ठेवण्याची रेल्वे कंपन्यांची तेव्हाची रीत मोडून लीने स्वतः माहितीपत्रक काढले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेले. आधुनिक प्रसिद्धीपत्रकाची सुरुवात इथून मानतात.

पण याच लीने 1914 च्या कोलोरॅडोतील खाण संपाच्या वेळी मालकांनी दिलेले आकडे न तपासता पत्रके काढली. त्यांतले काही सपशेल चुकीचे निघाले आणि चौकशी आयोगापुढे त्याला तशी कबुली द्यावी लागली. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. अशिलाने दिलेली माहिती हा जनसंपर्काचा कच्चा माल असतो; तो पारखून न घेता पुढे ढकलणारा माणूस टपाल्याचे काम करतो, सल्लागाराचे करत नाही.

एडवर्ड बर्नेझ या अमेरिकी जनसंपर्क सल्लागाराने 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना भर रस्त्यात सिगारेट ओढायला लावून त्याला स्त्रीस्वातंत्र्याचे रूप दिले. पैसा तंबाखू कंपनीचा होता आणि तो लपवलेला होता. प्रसिद्धी अफाट मिळाली. या उदाहरणाचे कौतुक आजही कौशल्याचा नमुना म्हणून होते. खरे तर ते इशारा म्हणून शिकवायला हवे, कारण बघणाऱ्याला आपल्याशी कोण बोलत आहे हेच कळू दिले नव्हते.

प्रसिद्धीपत्रकाची घडण आजही बातमीसारखीच असते. मथळ्यात बातमी, पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कधी, कुठे. त्याखाली तपशील, एखाद्या जबाबदार व्यक्तीचे अवतरण, शेवटी संपर्कासाठी नाव आणि क्रमांक. महत्त्वाचे आधी आणि किरकोळ नंतर, या रचनेला उलटा मनोरा म्हणतात. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कापतो. पत्रक पाठवण्याआधी स्वतःला विचारावे, की ही कंपनी आपली नसती तर ही बातमी आपण वाचली असती का. उत्तर नकारार्थी असेल तर ते न पाठवणेच चांगले. बिनकामाची पत्रके येत राहिली की वार्ताहर त्या पत्त्यावरून येणारे काहीच उघडत नाही, आणि मग खरी बातमीही तशीच पडून राहते.

संकटकाळात या कामाचा खरा कस लागतो. 1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सुलांत कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. भेसळ कारखान्यात झालेली नव्हती. तरीही औषधाची मालक कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने जाहिराती थांबवल्या, लोकांना औषध न घेण्यास सांगितले आणि देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च 10 कोटी डॉलरवर गेला. काही आठवड्यांत उघडल्यास लगेच कळेल असे तिहेरी मोहोरबंद वेष्टन घेऊन औषध पुन्हा बाजारात आले आणि गमावलेले ग्राहक बऱ्याच अंशी परतले. अभ्यासक्रमांत ही गोष्ट उत्तम निवेदनाची म्हणून सांगतात. निवेदन उत्तम होतेच, पण त्यामागे बाटल्या परत मागवण्याची कृती होती. नुसता खुलासा किंवा नुसती दिलगिरी लोकांना ओळखू येते.

समाजमाध्यमांनी मधला संपादक काढून टाकला. फेसबुक 2004 मध्ये, यूट्यूब 2005 मध्ये, ट्विटर 2006 मध्ये आणि इन्स्टाग्राम 2010 मध्ये आले, आणि व्यवसाय थेट लोकांशी बोलू लागले. त्याबरोबर लोकही थेट उत्तर देऊ लागले, ही बाजू पुष्कळांच्या हिशेबात नव्हती. इथल्या पानावर फक्त घोषणा चिकटवत राहणे म्हणजे दूरध्वनी उचलून समोरच्याचे न ऐकता बोलत सुटणे. तक्रार आली तर उघडपणे पोच द्यावी, तपशील खासगी संदेशात घ्यावा आणि निकाल लागल्यावर तो पुन्हा उघडपणे सांगावा. तक्रार पुसून टाकली तर तिचे छायाचित्र फिरते, आणि मूळ चुकीपेक्षा लपवाछपवीच गाजते.

दुसरी अडचण मालकीची. एखाद्या माध्यमावर जमवलेले अनुयायी त्या माध्यमाचे असतात. कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवणारी माध्यमाची गणिती पद्धत, म्हणजे अल्गोरिदम, बदलला की कालपर्यंत हजारोंना दिसणारी पोस्ट आज मूठभरांना दिसते. म्हणून मूळ लेख स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणे आणि वाचकांच्या संमतीने ईमेल पत्त्यांची यादी जपणे शहाणपणाचे. समाजमाध्यमांवर त्याची वाट दाखवावी. प्रत्येक माध्यमावर असलेच पाहिजे असाही काही नियम नाही. दोन ठिकाणी नीट सांभाळलेली खाती सात ठिकाणच्या ओसाड खात्यांपेक्षा बरी.

काय लिहावे, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. विषयांचा सर्वांत मोठा साठा ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असतो. गेल्या महिन्यात लोकांनी पुन्हा पुन्हा काय विचारले, कशावर ते अडले, कोणत्या शब्दांत त्यांनी अडचण सांगितली, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. एकेका प्रश्नाचा एकेक लेख होतो, आणि ग्राहकाचे शब्द तसेच ठेवले तर सर्च इंजिनवर शोधणाऱ्यालाही तो सापडतो. सर्च इंजिनसाठी कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द, कोंबून लिहिण्याचा काळ होता. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल करून ठोकळेबाज, उथळ मजकुराचे कारखाने चालवणारी संकेतस्थळे निकालांत मागे ढकलली. मार्च 2024 मध्ये केवळ क्रमवारीसाठी ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध नियम आणखी कडक झाले. मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने.

पैसे घेऊन केलेली शिफारस पैसे घेऊनच केली आहे, हे सांगणे अनेक देशांत बंधनकारक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशींबाबतची आपली मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये ब्लॉग आणि समाजमाध्यमांपर्यंत वाढवली आणि 2023 मध्ये पुन्हा सुधारली. फुकट मिळालेली वस्तूही मोबदल्यातच धरली जाते. इन्फ्लुएन्सरने, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्या शिफारस करणाऱ्याने, हा उल्लेख पोस्टच्या सुरुवातीला, सहज दिसेल असा करावा. हॅशटॅगच्या गर्दीत तो दडवणे म्हणजे न करण्यासारखेच.

मोजमापाबाबत या क्षेत्राने बरीच वर्षे स्वतःची फसवणूक केली. छापून आलेल्या बातमीची लांबीरुंदी मोजायची आणि तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून ‘इतक्या रकमेची प्रसिद्धी मिळाली’ असा अहवाल द्यायचा, ही रीत सर्रास होती. 2010 मध्ये बार्सिलोना येथे जमलेल्या व्यावसायिकांनी मांडलेल्या तत्त्वांत, जाहिरातदर म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. लाइक आणि फॉलोअर यांच्या आकड्यांचेही तेच. लेख शेवटपर्यंत किती जणांनी वाचला, वार्तापत्राची वर्गणी किती जणांनी स्वतःहून घेतली, चौकशी करणाऱ्याने काय वाचून फोन केला, हे आकडे अधिक सांगतात, पण ते जमायला महिने लागतात. आणि एखाद्या लेखामुळे ग्राहकसेवेकडे येणारे तेच ते फोन कमी झाले, तर ती नोंद कोणत्याही तक्त्यात आपोआप पडत नाही. फोन घेणाऱ्यालाच जाऊन विचारावे लागते.